एका प्रेमविवाहाची सोळा मुलं

मारिया थेरेसाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तिच्या हातचं एक टिपण आहे. 18 ऑगस्ट 1765 च्या रात्री तिचा नवरा, सम्राट फ्रान्सिस, इन्सब्रुकमध्ये अचानक गेला. त्यानंतर कधीतरी तिनं आपल्या संसाराचा हिशेब मांडला. सुखाचा संसार 29 वर्षं, 6 महिने, 6 दिवस चालला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तिनं त्याचे दिवस काढले: 10,781. मग तास काढले: 2,58,744. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि बोहेमियाचा कारभार पाहणारी, जिच्यापुढे रोज सैन्याचे आणि करवसुलीचे कागद येत, अशी ही 48 वर्षांची विधवा नवऱ्यासोबत काढलेल्या तासांचा गुणाकार करत बसली होती. पुढे ती आणखी पंधरा वर्षं जगली आणि तेवढी सगळी वर्षं काळ्या पोशाखात वावरली.

तिच्या मुलांच्या सोयरिकींबद्दल वाचायला घेतलं की मला आधी हे टिपण आठवतं. मुलांची लग्नं जुळवताना तिनं त्यांच्या मनाचा विचारच केला नाही, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तिला सगळं कळत होतं. आपण मुलींना कुठे पाठवतोय, हे तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. कळत असूनही तिनं ते केलं, आणि म्हणूनच या घराची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

फ्रान्सिस लोरेनचा, म्हणजे फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या छोट्या राज्याचा. पोरसवदा वयातच तो व्हिएन्नाच्या दरबारात वाढायला आला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. मोठी होताना तिनं मनात दुसऱ्या कुणाला जागा दिली नाही. तिच्या वडिलांना, सहाव्या चार्ल्सना, मुलगा नव्हता. सगळं राज्य मुलीकडे जावं म्हणून त्यांनी 1713 मध्येच वारसाहक्काचं फर्मान काढलं होतं, आणि ते एकेका दरबाराच्या गळी उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अशा मुलीचा नवरा कोण, हा सगळ्या युरोपच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. लोरेनचा धनी ऑस्ट्रियाचा जावई होणं फ्रान्सला मुळीच परवडणारं नव्हतं. शेवटी सम्राटाचा सल्लागार बार्टनस्टाइन यानं फ्रान्सिसला तोंडावर सांगितलं की मुलूख सोडणार नसाल तर राजकन्या मिळायची नाही. बापजाद्यांच्या राज्यावर पाणी सोडून त्यानं सही केली, आणि 12 फेब्रुवारी 1736 रोजी व्हिएन्नातल्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये दोघांचं लग्न लागलं.

फ्रान्सिस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याची प्रकरणं दरबारात सगळ्यांना माहीत होती, तिलाही होती, आणि ती त्यापायी जळत असे. तरी तो तिचाच होता आणि तो तिनं निवडला होता. व्हिएन्नात कापुचिन चर्चच्या तळघरात या दोघांची शवपेटी आहे. ती मी बराच वेळ न्याहाळली आहे. दोघं हयात असतानाच, 1754 मध्ये, बाल्टाझार मोल या शिल्पकारानं केलेली ही धातूची पेटी एखाद्या खोलीएवढी प्रचंड आहे, आणि तिच्या झाकणावर नवरा-बायको मृतासारखे आडवे नाहीत. गाढ झोपेतून जाग यावी तसे कोपरावर रेलून, अर्धवट उठून, एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. अंतिम न्यायाच्या दिवशी डोळे उघडतील तेव्हा पहिल्यांदा समोर हाच चेहरा दिसावा, अशी तिची इच्छा त्या धातूत उतरली आहे.

या जोडप्याला 1737 ते 1756 या काळात सोळा मुलं झाली, अकरा मुली आणि पाच मुलगे. दहा मोठी झाली. सातांची लग्नं झाली. त्या सातांपैकी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं ते फक्त एका मुलीनं.

असं का, याचं उत्तर 1740 मध्ये आहे. त्या वर्षी वडील गेले, ती 23 व्या वर्षी गादीवर आली, आणि दोन महिन्यांच्या आत प्रशियाच्या फ्रेडरिकनं सायलेशिया हा तिचा संपन्न प्रांत बळकावला. ज्या दरबारांनी वडिलांना शब्द दिले होते त्यांतल्या कित्येकांनी ते फिरवले. मुलूख परत मिळवण्याचा ध्यास तिनं घेतला आणि त्यासाठी तिचा मंत्री काउनित्झ यानं दोन-अडीचशे वर्षांचं वैर बाजूला सारून 1756 मध्ये फ्रान्सशी तह केला. फ्रान्समध्ये बूर्बोन घराणं, स्पेनमध्ये बूर्बोन, नेपल्समध्ये आणि पार्मामध्येही तेच. कागदावरचा तह लढाईच्या धुरळ्यात उडून जातो, नातवंडं झाली की मोडणं अवघड होतं, असा हिशेब होता. घरात उपवर मुलामुलींची रांग लागली होती, आणि बूर्बोनांच्या चार गाद्यांशी एकेकाच्या सोयरिकी जुळू लागल्या.

नेपल्सच्या सोयरिकीची हकीकत वाचताना माझा घास अडकतो. तिथला राजा फर्डिनांड 1751 चा. त्याच्यासाठी आधी योहाना नेमलेली होती. 1762 च्या डिसेंबरात, वयाच्या बाराव्या वर्षी, ती देवीच्या साथीत गेली. करार तसाच ठेवून तिच्या जागी धाकटी योसेफा आली. योसेफा नेपल्सला जायला निघणार त्याच सुमारास, 15 ऑक्टोबर 1767 ला, तीही देवीनंच गेली. तो संत तेरेसाचा दिवस, म्हणजे आईच्या नावाचा सण. आईनं हट्टानं तिला वडिलांच्या समाधीवर प्रार्थनेला नेलं, तिथे नुकत्याच देवीनं गेलेल्या वहिनीची पेटी नीट बंद केलेली नव्हती, आणि त्यातून तिला लागण झाली, असं पुढे लोक सांगत राहिले. पण पुरळ दोनच दिवसांत उठलं होतं. लागण होऊन देवी अंगावर यायला दहा-बारा दिवस जातात. म्हणजे त्या तळघरात पाय ठेवण्याआधीच रोग पोरीच्या अंगात होता. आईच्या माथी मारलेला हा एक दोष तरी तिच्यावरून उतरवायला हवा.

मात्र दुसरी एक गोष्ट उतरवता येत नाही. योसेफा जिवंत असतानाच आईनं तिच्या शिक्षिकेला लिहिलं होतं की माझ्या मते ही बिचारी राजकारणाला दिलेला बळी आहे. देवाप्रती आणि नवऱ्याप्रती तिनं आपलं कर्तव्य केलं म्हणजे मला पुरे. नेपल्सच्या त्या मुलाबद्दल व्हिएन्नाला बऱ्याच बातम्या येत होत्या. शिक्षण नाही, वागण्याचा पाचपोच नाही, दिवसभर शिकार. वाग्दत्त वधू गेल्याचा निरोप आला त्या दिवशी सुतकामुळे शिकार बंद राहिली म्हणून वेळ घालवायला त्यानं महालात खोटी अंत्ययात्रा काढली, एका दरबाऱ्याला वधूचं सोंग देऊन त्याच्या तोंडावर चॉकलेटचे ठिपके काढले, अशी एक हकीकत तिथल्या इंग्रज वकिलाच्या तोंडची म्हणून सांगितली जाते.

तर अशा घरी आता तिसरी मुलगी पाठवायची होती. स्पेनच्या राजाचा, म्हणजे व्याह्यांचा, निरोप आलाच. हाताशी दोघी होत्या. अमालिया नवऱ्यामुलापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून पंधरा वर्षांची कारोलिना ठरली. या मुलीचं नावसुद्धा तिच्या आधी दोनदा वापरून झालेलं होतं. मारिया कारोलिना नावाची पहिली मुलगी पहिल्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत गेली, दुसरी जन्मली त्याच दिवशी. तिसरीला तेच नाव ठेवलं, आणि तिच्या वाट्याला दोन बहिणींचा नवरामुलगा आला.

1768 च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नात तिचं लग्न लागलं ते नवऱ्याच्या गैरहजेरीत. आपल्याकडे राजघराण्यांत खांडा पाठवून लग्न लावत, तशी तिथे नवऱ्याच्या जागी कुणी जवळचा माणूस उभा करायची रीत होती. मे महिन्यात ती नेपल्सच्या हद्दीत शिरली. त्यानंतरची तिची पत्रं वाचवत नाहीत. माहेरच्या शिक्षिकेला तिनं लिहिलं की हे सोसणं म्हणजे हुतात्म्याचं मरण आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे वर हसऱ्या चेहऱ्यानं वावरावं लागतं. पुन्हा यातून जायची वेळ आली तर त्यापेक्षा मेलेलं बरं, असंही लिहिलं. आणि त्याच पत्रांत तिला काळजी होती धाकट्या आंतोनियाची. त्या पोरीला अजून हे सगळं बघायचंय, तिची मला फार दया येते. या दोघी पाठोपाठच्या बहिणी, एकत्र वाढलेल्या, एकमेकींच्या सावलीसारख्या. त्या एप्रिलनंतर त्यांची भेट कधीच झाली नाही.

देवीबद्दल थोडं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या घरात सोयरिकी जुळवल्या काउनित्झनं आणि मोडल्या देवीनं. 1761 मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा चार्ल्स गेला. मग योहाना, मग थोरली सून इसाबेला, मग दुसरी सून, मग योसेफा. दुसऱ्या सुनेची लागण खुद्द मारिया थेरेसाला झाली, अखेरचे धार्मिक संस्कारही उरकले, आणि ती वाचली. त्याच 1767 मध्ये मुलींमधली सगळ्यांत देखणी एलिझाबेथ वाचली खरी, पण चेहरा गेला. इतके घाव सोसल्यावर 1768 मध्ये तिनं यान इंगेनहाउस या डच डॉक्टरला बोलावून राहिलेल्या धाकट्या मुलांना आणि नातीला देवी टोचून घेतल्या. तेव्हाची टोचणी म्हणजे खऱ्या देवीचीच लस, धोक्याची. आधी गरिबांघरच्या मुलांवर ती करून पाहिली गेली, ही गोष्टही विसरता येत नाही. पुढे इंग्रज डॉक्टर जेन्नरची गोस्तन देवीची सुरक्षित लस आली. ती व्हिएन्नातल्याच झाँ द कारो या डॉक्टरनं कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादकडे पाठवली, तिथून बसरा, आणि जहाजानं मुंबई. 14 जून 1802 ला मुंबईत आना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचली गेली, आणि हिंदुस्थानभरची लस तिच्या दंडावरून पुढे गेली. योसेफाला जाऊन तेव्हा पस्तीसच वर्षं झाली होती.

आता ती एक मुलगी. मारिया क्रिस्टीना, घरात मीमी. जन्म आईच्या वाढदिवशी, 13 मे 1742. हुशार, चित्रं सुंदर काढायची, आणि आईची लाडकी, हे सगळ्या भावंडांना रोज दिसायचं. तिचं मन जडलं होतं सॅक्सनीच्या आल्बर्टवर. धाकट्या पातीतला राजपुत्र, ना राज्य ना पैसा. वडिलांच्या मनात त्यांचा स्वतःचा भाचा होता. वडील 1765 मध्ये गेले आणि आईनं होकार दिला. 8 एप्रिल 1766 ला श्लोस होफच्या वाड्यात लग्न झालं. सुतक सरलेलं नसल्यानं वऱ्हाडी काळ्या कपड्यांत आणि नवरी पांढऱ्या. आंदणात टेशनची जहागीर मिळाली, जावयाला हंगेरीचा कारभार मिळाला, आणि प्रेसबुर्गच्या किल्ल्यात, व्हिएन्नापासून एका दिवसाच्या अंतरावर, म्हणजे आईच्या हाकेच्या टप्प्यात, दोघांचा संसार सुरू झाला. पुढच्या वर्षी एक मुलगी झाली, ती जेमतेम एक दिवस जगली. पुन्हा मूल झालं नाही. तरी या नवरा-बायकोचं एकमेकांवरचं प्रेम शेवटपर्यंत टिकलं. ज्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये तिच्या आईचं लग्न लागलं तिथेच आल्बर्टनं शिल्पकार कानोवाकडून तिची समाधी करून घेतली. पांढऱ्या संगमरवराचा पिरॅमिड, त्याच्या उघड्या दाराकडे निघालेली माणसं, आणि लॅटिनमध्ये एवढंच: सर्वोत्तम पत्नीला, आल्बर्टकडून.

मीमीच्या सुखाचा मला हेवा वाटत नाही. मात्र तिच्या लग्नानंतर तीनच वर्षांत अमालियाच्या बाबतीत जे झालं ते वाचून राग येतो, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. अमालियाचंही एकावर प्रेम होतं. त्स्वायब्र्युकनचा चार्ल्स, आल्बर्टसारखाच धाकट्या घरचा. तोही लग्नाला तयार होता. पण पार्माची गादी आटोक्यात ठेवायची होती, आणि मीमीचा हट्ट पुरवून झालेला होता. 23 वर्षांच्या अमालियाचं लग्न 1769 च्या जुलैत पार्माच्या अठरा वर्षांच्या फर्डिनांडशी लावलं. या मुलाला काँदियाकसारख्या तत्त्ववेत्त्यानं शिकवलं होतं, आणि त्याचं मन रमायचं ते देवळाच्या घंटा वाजवण्यात. अमालियानं आईला क्षमा केली नाही. आईनं पाठवलेले सल्लागार तिनं झुगारले, आईच्या आणि व्याह्यांच्या विश्वासातल्या मंत्र्याला घालवलं, मनाला येईल तशी वागली. आईनं इतर भावंडांना तिच्याशी संबंध तोडायला सांगितलं. नेपल्स आणि फ्रान्सच्या बहिणी तरीही तिच्याशी पत्रं आणि तसबिरींची देवघेव करत राहिल्या. एकीला दिलेलं दुसरीला का दिलं नाही, याचं उत्तर राज्यकर्तीकडे होतं. आईकडे ते असणं शक्य नव्हतं, आणि मला वाटतं अमालियाला ते आईकडूनच हवं होतं.

थोरल्या मुलाची, जोसेफची, पहिली बायको इसाबेला या पार्माच्या फर्डिनांडचीच बहीण. 1760 च्या ऑक्टोबरात ती व्हिएन्नात आली तेव्हाची वरात व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्यात, समारंभाच्या दालनात भिंतभर रंगवलेली आहे. घोडागाड्यांची नागमोडी रांग नजर ठरणार नाही इतकी लांब. जोसेफ तिच्यावर भाळला. ती मात्र जिवापाड प्रेम करत होती मीमीवर, नणंदेवर. एकाच वाड्यात राहून तिनं मीमीला फ्रेंचमध्ये लिहिलेल्या सुमारे दोनशे चिठ्ठ्या आणि पत्रं उरली आहेत. त्यांत व्हायोलिन आहे, तत्त्वज्ञान आहे, विरह आहे, आणि सतत मरणाची ओढ आहे. राजकन्येच्या वाट्याला काय येतं यावर तिनं लिहून ठेवलंय: जन्मतःच ती इतरांच्या समजुतींची गुलाम, आणि कुणाच्या तरी सोयीसाठी परक्या मुलखात, परक्या माणसाच्या हाती सोपवली जाणारी. एकवीस वर्षांच्या मुलीनं असं स्वच्छ लिहावं याचा मला फार आदर वाटतो. आपल्या माघारी मीमीनं आईचं मन कसं जिंकावं, तिच्याशी कधी बोलावं, कधी गप्प बसावं, याचे धडेही तिनं लिहून दिले. 1763 च्या नोव्हेंबरात देवी आणि अकाली बाळंतपण एकदम आलं आणि ती गेली. मीमीनं ते धडे गिरवले असावेत, असं तिच्या लग्नाच्या तारखा बघताना मला नेहमी वाटतं.

जोसेफ कोसळला. त्याचं दुसरं लग्न बव्हेरियाच्या योसेफाशी आईनं 1765 मध्ये करून दिलं. त्यानं त्या बिचारीकडे बघितलं नाही, आणि दोन वर्षांनी ती देवीनं गेली तेव्हा तिच्या अंत्यसंस्कारालाही गेला नाही. त्या लग्नाच्या समारंभात घरातल्या मोठ्या मुलींनी ग्लुकची संगीतिका गायली होती आणि नऊ वर्षांच्या आंतोनियानं भावांबरोबर नाच केला होता. त्या नाचाचं चित्र पुढे तिनं आईकडून मागवून घेतलं आणि व्हर्सायमधल्या आपल्या छोट्या त्रियानाँ महालात, जेवणाच्या दालनात लावलं. आपल्या बालपणातला कुठला दिवस तिला डोळ्यांसमोर हवा होता, ते यावरून कळतं.

आंतोनिया म्हणजे मारी आंत्वानेत, फ्रान्सची पुढची राणी. तिच्या शेवटाबद्दल इतकं लिहून झालंय की मी त्याकडे वळत नाही. मला खिळवून ठेवतात ती आईची पत्रं. 19 एप्रिल 1770 ला ऑगस्टिनियन चर्चमध्ये भावालाच नवऱ्याच्या जागी उभं करून चौदा वर्षांच्या या मुलीचं लग्न लागलं, 21 तारखेला पाठवणी झाली. हातात आईनं लिहिलेलं एक नियमपत्र होतं, दर महिन्याच्या 21 तारखेला वाचायचं. ऱ्हाइन नदीतल्या बेटावर तिला फ्रेंचांच्या ताब्यात देण्यासाठी लाकडी मंडप उभारला होता. तेव्हा स्ट्रासबुर्गमध्ये शिकत असलेला तरुण ग्योथं तो आधी बघून आला आणि संतापला, कारण भिंतींवर जेसन आणि मिडीया या ग्रीक पुराणातल्या जोडप्याच्या कथेचे पडदे लावलेले होते. नवरीच्या स्वागताला जगातल्या सर्वांत भीषण लग्नाची चित्रं.

त्यानंतर दहा वर्षं दर महिन्याला व्हिएन्ना आणि पॅरिसमध्ये टपाल घेऊन स्वार जात-येत राहिला. आई विचारते: दात घासतेस ना, अंगात चोळी घट्ट घालतेस ना, वाचतेस काय, घोड्यावर का बसतेस, रात्री इतक्या उशिरा का बाहेर असतेस. मासिक पाळीची बातमी दर वेळी द्यावी लागे. त्यासाठी घरातल्या बायकांचा सांकेतिक शब्द होता, ‘जनरल’ आली की नाही. माझी मुलगी शिकायला परदेशी गेली तेव्हा रोजच्या फोनवर मीही जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारत असे, आणि पलीकडचा आवाज हळूहळू तुटक होत गेलेला मला आठवतो. म्हणून या प्रश्नांमधली माया मला ऐकू येते. पण त्याच टपालात ऑस्ट्रियाचा वकील मर्सी याचे गुप्त अहवाल आईकडे जात. मुलीच्या दालनात कोण आलं, ती काय बोलली, सगळं. आईला इतकं कसं कळतं, याचा मुलीला उलगडा होत नव्हता. माया आणि पाळत एकाच पाकिटात बंद झालेली होती आणि ती वेगळी करणं त्या आईलाही जमलं नसावं.

नवऱ्याच्या आजोबांच्या, म्हणजे तेव्हाच्या फ्रान्सच्या राजाच्या, ठेवलेल्या बाईशी, मादाम द्यु बारीशी, मुलगी बोलत नव्हती. तह बिघडेल म्हणून आईनंच, जी स्वतः व्हिएन्नात अशा गोष्टींना थारा देत नसे, दबाव आणला. 1772 च्या नववर्षदिनी मुलगी तिच्या रोखानं एवढंच म्हणाली, ‘आज व्हर्सायमध्ये बरीच गर्दी आहे.’ लग्नाला सात वर्षं होऊनही नवरा-बायकोचा संबंध आला नव्हता, तेव्हा 1777 मध्ये जोसेफ खोट्या नावानं पॅरिसला जाऊन मेहुण्याशी मोकळेपणी बोलला. डिसेंबर 1778 मध्ये मुलगी झाली, आजीचं नाव ठेवलं. त्याआधी 1775 मध्ये, नवऱ्याचा उल्लेख एका पत्रात ‘बिचारा’ असा केल्याचं कळल्यावर आईनं लिहिलं होतं की तुझं नशीब फिरायला वेळ लागणार नाही, आणि ते बघायला मी नसावं. ती नव्हतीच. 29 नोव्हेंबर 1780 ला ती गेली. 1770 च्या त्या एप्रिलनंतर मायलेकींची गाठ पडली नव्हती.

मुलगे मुलींइतके हरवले नाहीत. फर्डिनांडचं 1771 मध्ये मोदेनाच्या बेआत्रिचेशी मिलानमध्ये लग्न झालं आणि चांगलं निभलं. त्या सोहळ्यासाठी पंधरा वर्षांच्या मोत्सार्टनं संगीत रचलं, फर्डिनांडला त्याला चाकरीत ठेवायचं होतं, आईनं पत्र पाठवून मोडता घातला. लिओपोल्डचं लग्न स्पेनच्या मारिया लुईसाशी 5 ऑगस्ट 1765 ला इन्सब्रुकमध्ये लागलं आणि तेरा दिवसांनी, वऱ्हाड तिथेच असताना, वडील गेले. गावात या लग्नासाठी उभारलेली कमान आजही आहे: एका बाजूला लग्नाची शिल्पं, दुसऱ्या बाजूला शोकाची. जिथे फ्रान्सिस गेला त्या खोलीचं आईनं प्रार्थनाघर केलं आणि तिथे उमराव घरच्या स्त्रियांचा मठ स्थापला. देवीनं चेहरा नेलेली एलिझाबेथ, आईच्या पश्चात भावानं व्हिएन्नातून दूर केल्यावर, याच मठाची मुख्य झाली. थोरली मारियाना पाठीच्या व्यंगामुळे अविवाहित राहिली. ती क्लागनफुर्टला जोगिणींच्या मठाशेजारी घर बांधून राहिली, खनिजं जमवली, अभ्यास केला. सगळ्या बहिणींत मनानं मोकळी तीच राहिली, अशी माझी समजूत आहे.

लिओपोल्डची बायको आणि कारोलिनाचा नवरा हे सख्खे भाऊ-बहीण. या दोन घरांनी पुढे आपापली मुलंही एकमेकांना दिली, त्यामुळे नवरा-बायकोचे दोन्हीकडचे आजी-आजोबा तेच. अशाच एका जोडप्याचा, लिओपोल्डचा मुलगा फ्रान्सिस आणि कारोलिनाची मुलगी तेरेसा यांचा, थोरला मुलगा फर्डिनांड जन्मापासून फेफऱ्यानं ग्रासलेला निघाला, आणि त्यांची थोरली मुलगी मारी लुईझ 1810 मध्ये नेपोलियनला दिली गेली. तेही ऑगस्टिनियन चर्चमध्ये, तेही नवऱ्याच्या जागी दुसऱ्याला उभं करून, आणि तेही तहासाठी. कारोलिना म्हणाली की सैतानाची आजी होणं तेवढं बाकी राहिलं होतं.

कारोलिना तेवढ्यात खूप काही पाहून बसली होती. मुलगा झाल्यावर करारातल्या कलमाप्रमाणे राज्याच्या मंत्रिमंडळात बसली, नवरा शिकारीला जाई आणि ती राज्य करी. सतरा-अठरा बाळंतपणं झाली. 1793 मध्ये लाडक्या बहिणीचा शिरच्छेद झाला. 1798 मध्ये इंग्रज नौसेनानी नेल्सनच्या जहाजावरून पालेर्मोला पळताना वादळात सहा वर्षांचा मुलगा दगावला. शेवटी इंग्रजांनी सिसिलीतूनही काढल्यावर कॉन्स्टँटिनोपल आणि ओडेसाचा वळसा घेऊन 1814 च्या सुरुवातीला ती व्हिएन्नाला माहेरी पोहोचली. पुढच्या काही महिन्यांत नेपोलियन हरून एल्बा बेटावर गेला आणि मारी लुईझला बापानं मुलासकट शोनब्रुनला आणून ठेवलं. ज्या माणसानं आपलं राज्य घेतलं त्याच्या तीन वर्षांच्या पोराला कारोलिना मांडीवर घेऊन खेळवत असे. आणि ती नातीला म्हणाली, तुला नवऱ्याकडे जाऊ देत नसतील तर पलंगपोस खिडकीला बांध, वेष बदल आणि निघ. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं, कारण लग्न केलं म्हणजे ते जन्मभरासाठी.

ज्या पोरीनं पंधराव्या वर्षी याच लग्नापेक्षा मरण बरं असं लिहिलं होतं, तिच्या तोंडून बासष्टाव्या वर्षी हे निघालं. आईचं नियमपत्र तिच्या हाडात उतरलं होतं की इतक्या वर्षांत तिनं स्वतःच्या बळावर त्या लग्नातून काहीतरी उभं केलं होतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला दुसरंच खरं वाटतं. कारोलिना त्या सप्टेंबरात गेली. मारी लुईझ एल्बाला गेली नाही. सोबतीला दिलेल्या नाइपर्ग या अधिकाऱ्यावर तिचं मन बसलं, नेपोलियन वारल्यावर 1821 मध्ये तिनं गाजावाजा न करता त्याच्याशी लग्न केलं, आणि तो संसार तिनं थाटला तो पार्मात, आजोबांची बहीण अमालिया जिथे मनाविरुद्ध नांदायला आली होती त्याच गावी.